पायाला मुंग्या: शुगरमुळे की बी-१२ मुळे?

डायबेटिसच्या माणसाने 'पायाला मुंग्या येतात' म्हटलं की घरात एकच निदान होतं: शुगर वाढली असणार. बऱ्याचदा ते खरं असतं. पण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या, त्यातून शाकाहारी माणसाच्या बाबतीत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरताही तितकीच तपासायला हवी. या गोळीमुळे आतड्यात बी-१२ कमी शोषलं जातं. जोडीला ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर आणखी भर पडते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून त्रास उशिरा सुरू होतो आणि गोळीवर कुणाचा संशय जात नाही.

शुगरचा त्रास बोटांच्या टोकापासून सुरू होऊन दोन्ही पायांत मोज्यासारखा वर चढतो. रात्री अंथरुणात आग वाढते. हाताला मुंग्या सहसा खूप नंतर येतात. बी-१२ कमी असताना मात्र हातांनाही लवकर मुंग्या येऊ शकतात, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, जीभ लाल होऊन चुरचुरते, विसरायला होतं. तरी नुसत्या लक्षणांवरून ठरवू नका. दोन्ही एकत्रही असतात. रक्तातलं बी-१२ तपासून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून ही तपासणी टाळणं मला धोक्याचं वाटतं, कारण रक्त ठीक असतानाही नसा बिघडू शकतात.

हा खटाटोप कशासाठी? शुगरने गेलेली नस सहसा पूर्ववत होत नाही, नियंत्रणाने पुढचं नुकसान तेवढं लांबवता येतं. बी-१२ ची कमतरता वेळेत सापडली तर इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी बराच फरक पडतो. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

टाइप २ डायबेटिसमध्ये निदानाच्या दिवशीच नसांना इजा झालेली असू शकते. म्हणून तेव्हापासून दरवर्षी पाय तपासून घ्यावेत. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तो कळला नाही तर चटका, खडा, काचही कळणार नाही. कारण कोणतंही असो, बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने बघा. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. भोवरी घरी ब्लेडने कापू नका. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या आरशात बघा, आणि जखम दिसली तर ती दुखत नसली तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.