मार्क नॉफ्लर

मार्क नॉफ्लर (जन्म : १२ ऑगस्ट १९४९, ग्लासगो). ब्रिटिश रॉक गिटारवादक, गायक, गीतकार. ‘डायर स्ट्रेट्स’ बँडचे प्रमुख. वडील हंगेरीतून आलेले ज्यू वास्तुरचनाकार. मार्क न्यूकॅसल परिसरात वाढले, लीड्समध्ये वृत्तपत्रात बातमीदारी केली, तिथल्याच विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतली आणि पुढे कॉलेजात शिकवले. बातमीदाराची ही सवय गीतांत दिसते : पात्रे बहुधा कष्टकरी, तपशील नेमका.

त्यांच्या वादनाची ओळख उजव्या हाताची. ते मूळचे डावखुरे, पण गिटार उजव्या हाताने वाजवतात आणि पिक (तारा छेडण्याची छोटी चकती) सहसा वापरत नाहीत. अंगठा जाड तारांवर, तर्जनी व मध्यमा बारीक तारांवर; अनामिका आणि करंगळी गिटारच्या अंगावर टेकलेली. दोन तारा एकाच क्षणी चिमटल्यासारख्या छेडता येतात, पिकने ते जमत नाही. शिकणारे टेकवलेली बोटे दाबून धरतात आणि तिथेच चुकतात. मनगट आखडते, वेग तुटतो.

डायर स्ट्रेट्सच्या ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ या गाण्याच्या अखेरच्या सोलोत (एकट्या गिटारच्या तुकड्यात) याची कसोटी लागते. डी मायनर या कॉर्डचे (स्वरसमूहाचे) स्वर पहिल्या म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या १३व्या फ्रेटवरून (गिटारच्या मानेवरील पट्टीवरून) १०व्यावर पुल-ऑफ करून, म्हणजे डाव्या हाताचे बोट ओढून सोडत, आणि दुसऱ्या तारेचा १०वा फ्रेट जोडून येतात. बी फ्लॅट कॉर्डसाठी दुसऱ्या तारेवर ११वा, तर सी कॉर्डसाठी सगळी पकड वर सरकून पहिल्या तारेवर १५-१२ आणि दुसरीवर १३. डावा हात फार कमी हलतो. ठोके मिनिटाला सुमारे १४८ असल्याने पुल-ऑफ कमजोर पडला की मधला स्वर गिळला जातो. हे गाणे आधी धातूच्या अंगाच्या नॅशनल गिटारवर ओपन ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या ताराच एक कॉर्ड देतील अशा जुळणीत) रचले होते, ते निस्तेज वाटे. स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर घेताच त्याला रंग चढला.

१९७७ साली डेप्टफर्ड, लंडन येथे धाकटा भाऊ डेव्हिड, जॉन इल्स्ली (बास) आणि पिक विदर्स (ड्रम्स) यांच्यासह बँड उभा राहिला. बीबीसी रेडिओ लंडनवर निवेदक चार्ली जिलेट यांनी बँडचा डेमो (नमुना ध्वनिमुद्रण) वाजवला आणि ध्वनिमुद्रणाचा करार मिळाला. १९८५चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हा अल्बम कॅरिबियनमधील माँटसेराट बेटावरील एअर स्टुडिओत डिजिटल पद्धतीने ध्वनिमुद्रित झाला. सीडीच्या प्रसाराला त्याचा मोठा हातभार लागला. त्यातल्या ‘मनी फॉर नथिंग’ गाण्याचा घोगरा गिटार-आवाज मात्र ठरवून काढलेला नव्हता, मायक्रोफोनांच्या जागेमुळे आला. एक मायक्रोफोन जमिनीकडे झुकलेला, दुसरा स्पीकरपासून तिरका. अभियंता नील डॉर्फ्समन यांना नंतर दुसऱ्या स्टुडिओत तो आवाज पुन्हा जुळला नाही.

मोठ्या स्टेडियमांच्या दौऱ्यांचा ताण नॉफ्लरना मानवला नाही. १९९५ मध्ये बँड संपला. ‘गोल्डन हार्ट’ अल्बम (१९९६) पासूनची एकल कारकीर्द संथ, लोकसंगीताकडे झुकणारी आहे; आधीचे चाहते तिला उगाच दुय्यम मानतात. चित्रपटसंगीत त्याआधीच सुरू झाले होते (‘लोकल हीरो’, १९८३), आणि त्याच वर्षीच्या बॉब डिलन यांच्या ‘इन्फिडल्स’ अल्बमचे ते सहनिर्माते होते. २००३ मध्ये मोटारसायकल अपघातात खांद्याचे हाड, गळपट्टीचे हाड आणि सात बरगड्या मोडल्या, गिटार काही महिने सुटली. २००५ मध्ये ते मुंबईत वाजवून गेले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी संग्रहातील गिटारी लिलावात काढल्या. उत्पन्न ८० लाख पौंडांवर गेले, त्यातला चौथा हिस्सा दानधर्माला.