गार्डनमध्ये चिटपाखरू नाही, वडाखाली बसायला जागा नाही

मे महिन्यात दुपारी साडेतीन-चारला आमच्या नदीकाठच्या गार्डनमध्ये एक चक्कर मारून बघा. गावाचं नाव नको, गोव्यात नदी, पूल, तिंटो (गावातला बाजारचौक) आणि पुलाजवळ नवीन गार्डन एवढं सगळं असलेली गावं बरीच आहेत, त्यातलं कुठलंही धरा. चकचकीत पेव्हर ब्लॉक, स्टीलची घसरगुंडी, पत्र्याचा गझिबो, ओपन जिम, आणि उद्घाटनाच्या दिवशी चाललेलं कारंजं. माणूस मात्र एक नाही. आणि कंपाउंडच्या बाहेर जुना वड आहे त्याच्या पारावर बघाल तर पेन्शनर मंडळी, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, फुलं विकणाऱ्या मावशी, सगळे दाटीवाटीने बसलेले, भजी-चहा चाललेला.

मला आधी वाटायचं ही सवय आहे, लोकांना जुनी जागा सुटत नाही वगैरे. पण नाही हो, यात शुद्ध फिजिक्स आहे.

आपण मोबाइलवर 34 डिग्री बघतो ते हवेचं तापमान, आणि तेही सावलीतलं. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर ठेवतात, ऊन त्याला लागूच देत नाहीत. आपण त्या पेटीत राहत नाही. भर दुपारी स्वच्छ आकाश असेल तर एक चौरस मीटर जागेवर जवळजवळ 1000 वॅट ऊन पडतं, म्हणजे एक चांगली इस्त्री चालू असल्यासारखं, आणि शिवाय तापलेली जमीन, भिंत, पत्रा हे सगळे आपल्याकडे इन्फ्रारेड किरण फेकत असतात ते वेगळेच. म्हणून उन्हातली हवा आणि झाडाखालची हवा मोजली तर फरक जेमतेम एक-दोन डिग्रीचा निघतो, पण अंगाला तो फरक केवढा वाटतो ते सांगायला नको.

आता गोव्याचा प्रॉब्लेम वेगळा. घाटावर, म्हणजे सोलापूरकडे, 40 डिग्रीत घाम आला की वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण 2400 किलोज्यूल. आपल्याकडे हवा आधीच वाफेने भरलेली, घाम वाळतच नाही, नुसता टपटप गळतो, आणि गळलेला घाम काही कामाचा नाही. शरीराचा मुख्य कूलिंगचा मार्ग असा अर्धा बंद. मग आपल्या हातात राहतं काय, तर वारा आणि सावली. दोनच.

सावली म्हटली की सगळ्यांना पत्रा आठवतो. पण पत्र्याखाली बसून बघा, डोक्यावर कोणीतरी तवा धरल्यासारखं वाटतं, कारण तो तवाच असतो. उन्हात पत्रा 50-60 डिग्रीपर्यंत सहज तापतो आणि तीच उष्णता खाली आपल्या डोक्यावर सोडतो. पान असं तापत नाही. एक तर ते पातळ आणि लहान, वारा लागला की लगेच निवतं, आणि दुसरं म्हणजे पानाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पडून वाफ होत असते, म्हणून भर उन्हातही ते हवेपेक्षा फार गरम होत नाही. वर वडासारखं झाड असेल तर पानांवर पानं, थर किती ते मोजायलाच नको, वरच्या थराने ऊन खायचं आणि खालच्याने वरच्याची गर्मी अडवायची.

मोठं झाड दिवसाला शंभरेक लिटर पाणी असं हवेत सोडू शकतं. हिशोब केला तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तास फुल्ल चालवून जेवढी उष्णता काढेल तेवढी ही झाली. अर्थात झाडाला खोली नसते, गारवा वारा घेऊन जातो, आणि आपल्या दमट हवेत हे काम जरा मंदच चालतं, त्यामुळे "एक झाड म्हणजे दहा एसी" टाइपचे फॉरवर्ड मी डिलीट करतो. गोव्यात झाडाचं पहिलं काम सावलीचं, बाकी सगळं बोनस.

पण झाड कुठलं लावलं ते बघायला हवं ना! गार्डनमध्ये आमच्याकडे ओळीने शोभेचे पाम लावलेत, फोटोत छान दिसतात, सावली विजेच्या खांबाएवढी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसायला राजा, पण मार्च-एप्रिलमध्ये पानं झडलेली असतात, नेमकी गरज असते तेव्हाच. आंबा, फणस, बकुळ बारा महिने हिरवे. नदीकाठाला करंज उत्तम, काठावरच्या ओलीत तो आपला आपण वाढतो. आणि मेच्या सुरुवातीला एक गंमत होते, आपल्या अक्षांशावर दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात ती. तेव्हा कंपाउंडची भिंत, बाजूची बिल्डिंग, कोणाचीच सावली पडत नाही. डोक्यावर काहीतरी असेल तरच बचाव.

"पण नदी आहे ना बाजूला, गार वाटणारच," असं आमचे एक काका नेहमी म्हणतात. अर्धं खरं. नदीवर बांधकाम नसतं त्यामुळे दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला मोकळी वाट मिळते, हे खरं. पण पाणी तेवढ्याच वजनाच्या दगडापेक्षा चार-पाच पट जास्त उष्णता धरून ठेवतं, दिवसा तापायला वेळ लावतं तसंच रात्री निवायलाही लावतं, म्हणून उत्तररात्री नदी काठापेक्षा उबदार असू शकते.

आणि संध्याकाळी सातला गार्डनमध्ये पोरं अनवाणी का पळत नाहीत ते पेव्हरवर हात ठेवून कळेल. साखळीजवळ हरवळ्याला जांभ्या दगडात कोरलेल्या गुहा आहेत, पांडवांच्या म्हणतात त्या, तिथे मे महिन्यातही आत गेलं की बरं वाटतं. दिवसभराची उष्णता दगडात जेमतेम हातभर आत जाते, तोपर्यंत रात्र होते आणि ती परत फिरते. गुहेचं छत त्याहून खूप जाड, म्हणून आत पत्ताच लागत नाही. पेव्हरच्या बाबतीत आपण त्या हातभरावरच उभे असतो, दिवसभर साठलेली गर्मी परत निघते ती थेट आपल्या पायांवर. मातीवर झाडाखाली हा प्रकार नाही, ती मुळात तापलेलीच नसते. शिवाय पावसाळ्यात पाणीही माती पिते, पेव्हर सरळ नदीत ढकलतो, आणि आपल्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

मागच्या आठवड्यात गेलो तर वडाच्या पाराला लागून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात, कोणाच्या तरी घरातल्या. एकीचा हात मोडलेला, सुतळीने बांधलाय. गझिबोत कुत्रासुद्धा नव्हता, तो खुर्चीखाली झोपला होता.