‘नामू’ म्हणणारा दुसरा आवाज

आफ्रिकन मौखिक परंपरेतल्या एकपात्री कथाप्रयोगाच्या जाहिरातीत नाव एकाचंच असतं, पण पडदा उघडला की मंचावर निदान दोन माणसं दिसतात. एक उभा राहून गोष्ट सांगतो, दुसरा बसून कोरा हे तारांचं किंवा बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवतो. त्या दुसऱ्याला आपण ‘साथीदार’ म्हणून सोडून देतो. मला वाटतं, या कलाप्रकाराचा इतिहास त्या दुसऱ्या माणसाकडून सुरू करून वाचायला हवा.

पश्चिम आफ्रिकेत माली, गिनी, सेनेगल, गाम्बिया या देशांत पसरलेल्या मांदे लोकांमध्ये कथा सांगणाऱ्याला जेली म्हणतात. फ्रेंचांनी त्याला ‘ग्रिओ’ म्हटलं आणि जगभर तोच शब्द रूढ झाला. त्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ‘जेली’चा मात्र मांदे लोकांच्या भाषेत आणखी एक अर्थ आहे, रक्त. जेली जन्मानं होतो. कुयाते, दियाबाते, सिसोको ही आडनावं ऐकली की मांदे माणूस लगेच ओळखतो की हे घराणं कथा-गाण्याचं. वंशावळी पाठ ठेवणं, राजाच्या वतीनं बोलणं, भांडणात मध्यस्थी करणं, लग्न-बारशाला स्तुती गाणं, हे सगळं त्याचंच काम. त्याच्या शब्दाला लोक वचकून असत आणि तरीही समाजाच्या उतरंडीत त्याची पायरी खालची. सेनेगलमध्ये तर ग्रिओच्या प्रेताला जमिनीत जागा न देता ते बाओबाबच्या (गोरखचिंचेच्या) पोकळ खोडात ठेवण्याची प्रथा विसाव्या शतकापर्यंत होती. ज्याच्या तोंडून गावाचा सगळा भूतकाळ ऐकायचा, त्यालाच गावच्या मातीत जागा नाही, हे वाचताना आजही गलबलून येतं.

या परंपरेची सर्वांत जुनी लेखी साक्ष मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानं दिली आहे. तो 1352-53 मध्ये मालीच्या दरबारी होता. सुलतानाचा दुभाषा दुघा सणाच्या दिवशी बोरूच्या नळ्यांचं, खाली लहान भोपळे लावलेलं वाद्य वाजवत गात असे, असं तो लिहितो. वर्णनावरून हा बालाफोनच. मग कवी येत. अंगावर पिसांचा पोशाख, वर लाकडी डोकं आणि लाल चोच. ते सुलतानापुढं उभे राहून सांगत की ज्या आसनावर तू बसला आहेस त्यावर अमका राजा बसला होता, त्यानं अमकं सत्कृत्य केलं. तूही असं काही कर की मागं नाव राहील. बतूताला ते ध्यान हास्यास्पद वाटलं. पण ही प्रथा इस्लामच्याही आधीची आहे, असं तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं आणि ते त्यानं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं, हे त्याचे उपकारच.

या सगळ्याच्या गाभ्याशी सुंजाताची कथा आहे. माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता, काळ तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. हे मूल सात वर्षांचं होईतो चालत नव्हतं. एके दिवशी आई सोगोलोन सवतीकडं भाजीसाठी बाओबाबची पानं मागायला गेली, तेव्हा सवतीनं तिला मुलावरून टोमणा मारला. ती रडत घरी आली. मुलानं लोखंडाची कांब मागवली, तिच्या आधारानं उठला, कांब वाकून धनुष्य झाली. मग त्यानं बाओबाबचं झाडच उपटून आईच्या दारात आणून टाकलं. त्या क्षणी त्याचा जेली बाला फासेके गायला लागला. नायक उभा राहतो तेव्हा त्याचं उभं राहणं सांगणारा शेजारी हजर असतो, असंच ही कथा मानते.

पुढं बाला फासेके शत्रूच्या, सोसोचा राजा सुमाओरो कांते याच्या हाती सापडतो. राजाच्या गुप्त दालनात एक बालाफोन असतो, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. राजा बाहेर गेलेला पाहून बाला तो वाजवतो. संतापलेला सुमाओरो धावत येतो, आणि हा तिथल्या तिथं त्याच्या स्तुतीचं गाणं रचून म्हणतो. राजा विरघळतो आणि त्यालाच आपला जेली करून ठेवतो. सोसो-बाला म्हणून पूजला जाणारा तो बालाफोन आजही गिनीत नियागासोला गावी कुयाते घराण्याच्या ताब्यात आहे. घराण्यातला एक वडीलधारा त्याचा राखणदार असतो आणि तो ठरावीक प्रसंगीच वाजतो. 2001 मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

आता वाद्यं जरा जवळून पाहू. बालाफोनच्या प्रत्येक लाकडी पट्टीखाली एक भोपळा टांगलेला असतो. त्या भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा पातळ पापुद्रा चिकटवायची रीत आहे. सूर उमटला की तो पापुद्रा थरथरतो आणि सुराला एक झणझण चिकटते. आपल्या तंबोऱ्याच्या जवारीसारखीच ती मुद्दाम आणलेली असते. ती नसेल तर वाद्य मुकं वाटतं. कोरा म्हणजे मोठ्या भोपळ्याची अर्धी कवड, वर ताणलेलं गाईचं कातडं, आरपार गेलेला दांडा आणि उंच घोडीवरून दोन ओळींत जाणाऱ्या 21 तारा. पूर्वी हरणाच्या कातड्याच्या पिळलेल्या वाद्या असत, आता मासेमारीची नायलॉन दोरी. वाजवणारा दोन मुठी धरून फक्त अंगठे आणि तर्जनी चालवतो. स्कॉटिश प्रवासी मुंगो पार्कनं 1799 च्या प्रवासवर्णनात 18 तारांच्या ‘कोरो’चा उल्लेख केला आहे.

कथेखाली हे संगीत कसं चालतं, ते मला फार सुंदर वाटतं. कुंबेंगो म्हणजे फिरून फिरून येणारं आवर्तन. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा धरतात, तसंच. कथनाला लागले की त्याला सातारो म्हणतात. तेव्हा शब्द पुढं येतात आणि कुंबेंगो खाली वाहत राहतो. शब्दांनी दम घेतला की कोरावाला बिरिमिंतिंगोची झरझर तान सोडतो. ओळखीच्या गाण्याचा तुकडा आला की तो दोंकिलो. म्हणजे कथा सांगणारा थांबतो तेव्हाही कथा थांबत नाही.

आणि आणखी एक आवाज आहे, ‘नामू’ म्हणणाऱ्याचा. जेलीनं ओळ टाकली की तो म्हणतो, ‘नामू’. म्हणजे होय, खरं आहे, ऐकतोय. हा शब्द अरबी ‘नअम’वरून आला असं मानतात. पोवाड्यात झिलकरी ‘जी जी रं जी’ धरतात, तेव्हा शाहिराला त्यातून काय मिळतं, हे ज्यानं मैदानात उभं राहून ऐकलंय त्याला ‘नामू’ वेगळा समजावून सांगायला नको. तो होकार नसेल तर सांगणाऱ्याला पुढची ओळ टाकायला पायाखाली जमीनच उरत नाही.

एकट्याचा प्रयोग मग आला कुठून? राजदरबार फ्रेंच आणि ब्रिटिश अमलात मोडले, आश्रयदाते गेले. जेली शहरात आले, रेडिओवर गायले, पुढाऱ्यांच्या सभांत गायले. गिनीच्या फोदेबा केइता यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आफ्रिकन नृत्य-संगीताचं पथक उभं केलं आणि अंगणातली कला तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर गेली. 1960 मध्ये इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी जेली मामादू कुयाते यांच्या तोंडून ऐकलेली सुंजाताची कथा फ्रेंच गद्यात छापली. जगाला ही कथा कळली ती त्या छोट्या पुस्तकामुळं. त्याचं मोल कमी करायचं नाही. पण गद्य करताना कोरा गेला आणि ‘नामू’ही गेला. कागदावर पहिल्यांदा सांगणारा एकटा पडला. पुढं 1986 मध्ये अभ्यासक जॉन विल्यम जॉन्सन यांनी जेली फा-दिजी सिसोको यांचं कथन ओळीओळीनं छापलं, तेव्हा त्यात प्रत्युत्तर देणाऱ्याचे शब्दही ठेवले. ती पानं वाचताना डोळ्यांनी ऐकल्यासारखं होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला मालीतलं कांगाबा आहे. तिथल्या कामाब्लोन या पवित्र घराचं छप्पर दर सात वर्षांनी नव्यानं शाकारतात आणि केला गावचे दियाबाते जेली आत बसून मांदेचा इतिहास सांगतात. तो ऐकायला वाटेल त्याला आत जाता येत नाही. त्याच घराण्यांची मुलं युरोपच्या नाट्यगृहांत दिव्याखाली उभी राहतात, याला कुणी बाटलेपण म्हणतं. मला ते पटत नाही. जेलीनं आश्रयदाता नेहमीच बदलला आहे. अडचण समोर अंधारात गप्प बसलेल्या प्रेक्षकांची आहे.

या वाटेवरचं सर्वांत मोठं नाव आपल्या ओळखीचं आहे, निदान चेहरा तरी. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रुक यांच्या महाभारतात भीष्म झालेले ते उंच, सडपातळ नट म्हणजे सोतिगी कुयाते. जन्म 1936, बामाको. घराणं बाला फासेकेचंच. बुर्किना फासोत वाढले, तिथल्या राष्ट्रीय संघातून फुटबॉल खेळले, 1966 मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढली. 1985 मध्ये फ्रान्समधल्या आविन्योंजवळच्या दगडाच्या खाणीत ते नऊ तासांचं नाटक झालं. ब्रुक यांनी आपलं महाकाव्य कसं हाताळलं यावर भारतात कडक टीका झाली आणि तिच्यातले काही मुद्दे आजही खोडता येणार नाहीत. पण ज्या घराण्यानं राजांच्या प्रतिज्ञा पिढ्यानपिढ्या मुखोद्गत ठेवल्या, त्याच्या वंशजानं भीष्माची प्रतिज्ञा उच्चारावी, यात काहीतरी फार योग्य घडलं होतं. त्या नाटकाची चौकटही पाहा: व्यास कथा सांगतात, गणपती लिहून घेतो आणि एक लहान मुलगा मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहतो. जनमेजय विचारतो म्हणून वैशंपायन सांगतात, धृतराष्ट्र विचारतो म्हणून संजय. महाभारतालाही ‘नामू’ म्हणणारा लागतोच. सोतिगी 2010 मध्ये पॅरिसला वारले; मुलगा हसान कासी कुयाते कथाकार आणि दिग्दर्शक म्हणून ते काम पुढं नेतो आहे.

समुद्रापार गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी हा होकार सोबत नेला. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर कथेकरी ‘क्रिक!’ म्हणतो, लोक ‘क्राक!’ म्हणतात. ‘अंगण झोपलं का?’ ‘नाही, अंगण झोपलं नाही!’ ढोलवाला तिथंही शेजारीच. मँचेस्टरला जमैकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या जॅन ब्लेक सुंजाताच्या आईची, म्हशीचं रूप घेणाऱ्या बाईची कथा एकट्या सांगतात, सोबत वादक घेऊन. दक्षिण आफ्रिकेत झुलू कथेची सुरुवात ‘क्वेसुकेसुकेला’नं होते आणि समोरून ‘कोसी’ यावं लागतं. त्या परंपरेतून आलेल्या ग्चिना म्लोफे 1980 च्या दशकापासून मंचावर कथा सांगत आहेत. असे प्रयोग करणारे कलाकार बहुधा आरंभीच पाच मिनिटं प्रेक्षकांना उत्तर द्यायला शिकवतात. अनेकांना तो बालिश खेळ वाटतो. खरं तर ‘नामू’ म्हणणाऱ्याची गेलेली जागा भरून काढायची ती धडपड असते. प्रेक्षक लाजले, तर ते काम वादकाच्या बोटांवर येतं.

2016 मध्ये ब्रुक यांचं ‘बॅटलफील्ड’ हे नाटक मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात आलं. युद्धानंतरचं महाभारत, चार नट, रिकामा मंच आणि बाजूला जेंबे हा आफ्रिकन ढोल घेऊन बसलेले जपानी वादक तोशी त्सुचितोरी. त्याच मंडळींत तीस वर्षांपूर्वी त्यांनी महाभारताला संगीत दिलं होतं. नाटकाच्या अखेरीस शब्द संपतात आणि जेंबे एकटाच बोलत राहतो. मग तोही थांबतो.