पायाची धमनी मोकळी केल्यावर बीपीचं काय होतं?

बेंबीच्या पातळीला महाधमनी दुभंगते आणि दोन इलियाक धमन्या पायांकडे निघतात. तिथे आत थर साचून वाट अरुंद झाली की चालताना पोटरी किंवा मांडी भरून येते आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरते. बीपीची गोष्ट या दुखण्यापाशीच सुरू होते.

रक्त कमी पडलेल्या स्नायूत आम्लं साचतात, तिथल्या नसा मेंदूला खबर देतात आणि मेंदू दाब चढवतो. आलम आणि स्मर्क या संशोधकांनी हे १९३७ सालीच दाखवलं होतं: व्यायाम संपता संपता पट्टा आवळून स्नायूतलं रक्त अडवलं, तर व्यायाम थांबल्यावरही बीपी चढलेलंच राहतं आणि पट्टा सोडला की उतरतं. अरुंद धमनीच्या रुग्णाला हा पट्टा जणू कायमचाच. म्हणून थोडं चाललं तरी त्याचा दाब निरोगी माणसापेक्षा जास्त उसळतो.

धमनीत फुगा फुगवून आणि स्टेंट म्हणजे जाळीची नळी घालून वाट मोकळी केली की ही उसळी कमी होते. बसल्या जागी मोजलेला वरचा आकडाही काहींमध्ये उतरतो, पण सगळ्यांमध्ये नाही. त्यामुळे निव्वळ बीपीसाठी स्टेंट घालणं मला पटत नाही.

वाट किती मोकळी झाली हे मोजायचं तर रुग्णाला आधी पाच-दहा मिनिटं आडवं झोपवावं. घोट्याचा वरचा दाब डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घेऊन त्याला दंडाच्या वरच्या दाबाने भागावं. घोट्यात ९० आणि दंडात १५० असेल तर गुणोत्तर ०.६ येतं. ते ०.९ किंवा त्याखाली असलं म्हणजे अडथळा. मधुमेहात कडक झालेली धमनी पट्ट्याने दबत नाही, मग गुणोत्तर १.४ च्याही वर जाऊन फसवतं. दोन्ही दंड मोजा. याच रुग्णांत हाताची धमनीही अरुंद असू शकते. त्या हाताचं बीपी खोटं कमी दिसतं, म्हणून जास्त आकड्याचा हात धरायचा.

घरी गेल्यावर काही आठवडे सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं बसून बीपी लिहून ठेवावं. उठताना चक्कर येऊ लागली तर ती वही डॉक्टरांना दाखवून बीपीच्या गोळीचा डोस ठरवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत, नाहीतर स्टेंट बुजू शकतो.

पहिल्या दिवशी बीपी एकदम घसरलं, सोबत कंबर किंवा कूस दुखली, घाम सुटला, तर तो उपचाराचा गुण समजू नका. जांघेतून सुई घातलेल्या जागेवरून पोटामागे रक्तस्राव होत असू शकतो, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. नर्सला लगेच हाक मारा.