स्क्रीन भरणे वेगळे, स्क्रीन वापरणे वेगळे

फोनवरचे संगीत-रिमोटचे अ‍ॅप टॅबलेटवर आणताना मांडणी ताणणे आणि मांडणी बदलणे यांची गल्लत हमखास होते, कारण स्क्रीन दोन्हींतही कडेपर्यंत भरलेलीच दिसते. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा आयफोनची अ‍ॅप्स त्यावर दुप्पट आकारात चालवता येत. ३२० बाय ४८० पिक्सेलची चौकट ६४० बाय ९६० होई, बटणे पाटीएवढी दिसत, पण माहितीत एका ओळीचीही भर पडत नसे. आजचे ताणणे तेवढे ढोबळ नसते. अक्षरे बेताचीच राहतात आणि ओळी तेवढ्या रुंदावतात. मग गाण्याचे नाव डाव्या टोकाला, त्याची मिनिटे उजव्या टोकाला आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात नजर हळूच खालच्या ओळीवर घसरते.

मांडणी बदलण्याची सुरुवात आकारापासून नव्हे, कामापासून होते. रिमोटमध्ये गाणे वाजते दुसऱ्याच यंत्रावर, उदाहरणार्थ एमपीडी (पार्श्वभूमीत गाणी वाजवणारी आणि दुरून हुकूम घेणारी प्रणाली) चालवणाऱ्या एखाद्या संगणकावर. हातातल्या स्क्रीनने फक्त स्थिती दाखवायची आणि हुकूम पोहोचवायचा. फोनवर संग्रह, रांग आणि चालू गाणे ही तीन पाने असतात, त्यामुळे एक अल्बम रांगेत मधेच घालायचा तर तो दाबून धरा, मेनूतून पर्याय निवडा, रांगेच्या पानावर जा आणि तिथे तो वर-खाली सरकवा, असा वळसा पडतो. टॅबलेटवर संग्रह आणि रांग शेजारी-शेजारी ठेवली की अल्बम बोटाने ओढून नेमक्या दोन गाण्यांच्या मध्ये सोडता येतो. माझ्या मते मोठ्या स्क्रीनचा खरा लाभ हाच आहे. मुखपृष्ठाचे भव्य चित्र ही केवळ शोभा.

बोट मात्र स्क्रीनबरोबर वाढत नाही. अँड्रॉइडवर स्पर्शासाठी किमान ४८ डीपी आणि अ‍ॅपलकडे ४४ पॉइंट (दोन्ही पिक्सेलच्या दाटीवर अवलंबून नसलेली मापे) हीच शिफारस दोन्ही आकारांना पुरते. बदलते ती बटणांची जागा. फोनवर तळाच्या मध्यभागी असलेले विराम-बटण अंगठ्याला सहज सापडते, पण आडवा टॅबलेट दोन्ही हातांनी धरला की तोच मध्यभाग अंगठ्यांच्या पल्ल्याबाहेर जातो आणि पल्ल्यात उरतात त्या दोन्ही बाजूंच्या कडा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणलेली आवाजाची पट्टी तर धोक्याचीच: टॅबलेट सावरताना उजवा अंगठा तिच्या टोकावर पडला, तर शेजारच्या खोलीतला स्पीकर एकदम कमाल आवाजात गरजतो. म्हणून ती आखूड ठेवावी, आणि नुसत्या स्पर्शाने नव्हे तर ओढल्यावरच हलावी.

बदललेली मांडणीसुद्धा ‘टॅबलेट आहे का’ असे विचारून ठरवू नये, कारण त्याच टॅबलेटवर अ‍ॅप अर्ध्या खिडकीत उघडले जाऊ शकते. अँड्रॉइडच्या वर्गवारीत ६०० डीपीपेक्षा अरुंद खिडकी आटोपशीर मानली जाते आणि ८४० पासून विस्तृत वर्ग सुरू होतो. खिडकी अरुंद झाली की रांगेचा रकाना मिटावा, पण उघडलेला अल्बम आणि यादीतली जागा जिथल्या तिथे राहावी; विराम-बटण तर कोणत्याही रुंदीत झाकले जाऊ नये.