फिल्मचा लूक की झिजलेल्या रिळाचा?

अहिराणी गाण्याच्या व्हिडिओत ‘जुना जमाना’ दाखवायचा म्हटलं की तयारी ठरलेली असते. धाब्याचं घर, नऊवारी, सायकल, कंदील, आणि शूटिंग संपल्यावर अ‍ॅपमधला ‘व्हिंटेज’ फिल्टर. फिल्टर दाबला की सगळं पिवळं पडतं, उभे ओरखडे धावायला लागतात, पांढरे-काळे ठिपके उडतात आणि चौकट थरथरते. जुनं दाखवायचंय हे पाहणाऱ्याला कळतं, पण १९७० च्या दशकातला सिनेमा पडद्यावर असा दिसत नव्हता.

नवी ३५ मिमी प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली टॉकीजमध्ये चालवायची प्रत, स्वच्छ असायची. रंग भरलेले, चेहरे नितळ, चित्र बऱ्यापैकी स्थिर. मात्र तालुक्याच्या टॉकीजपर्यंत किंवा यात्रेतल्या तंबूपर्यंत ती यायची तोवर किती तरी प्रोजेक्टरांतून फिरलेली असायची. आपल्या बापजाद्यांनी पाहिलेले ओरखडे खरेच होते, फक्त ते कॅमेऱ्यात तयार झालेले नव्हते. भिंग, निगेटिव्ह आणि प्रकाश यांच्यामुळे चित्राला जे रूप येतं तो फिल्मचा लूक. धूळ, घासणं, ऊन आणि रंगद्रव्यांचं विटणं यांनी नंतर जे होतं ती रिळाची झीज. आजीचा शालू जुना आहे हे दाखवायला आपण त्याला कसरीची भोकं पाडत नाही, पण व्हिडिओत नेमकं तेच करतो.

झीज ओळखायला सोपी असते. निगेटिव्हवर धूळ बसली तर प्रिंटवर पांढरा ठिपका येतो. प्रिंटवर बसली तर पडद्यावर काळा दिसतो. उभे ओरखडे प्रोजेक्टरमधून जाताना फिल्म घासल्यामुळे पडतात. गुलाबी झाक असलेले जुने सिनेमे टीव्हीवर पाहिले असतील, तर तीही झीजच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये सायन (निळसर-हिरवं) रंगद्रव्य आधी विटायचं, मग मागे लालसर-गुलाबी उरायचं. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात, त्यातही त्या काळच्या माणसांचा दोष नाही. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यात सेकंदाला बहुतेक वेळा २४ पेक्षा कमी चौकटी टिपल्या जात. त्याच चौकटी पुढे २४ च्या वेगाने चालवल्या की माणूस पळणारच.

सेपियाची गंमत वेगळी आहे. कृष्णधवल प्रिंटमधल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड केलं की तपकिरी छटा येते आणि प्रिंट जास्त टिकते. फोटो खराब होऊ नये म्हणून जे करत, ते आज आपण फोटो खराब झाल्याची खूण म्हणून वापरतो. आणि १९७५ सालच्या रंगीत सिनेमाशी तर सेपियाचा काही संबंधच नाही.

आता फिल्मच्या लूककडे येऊ. खरी मेहनत इथे आहे आणि पैसा त्या मानाने कमी लागतो.

सगळ्यात मोठा फरक प्रकाशात पडतो. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड सोसते. पांढरा सदरा, आभाळ, भांड्यावरची चमक हे सगळं हळूहळू पांढरं होत जातं. डिजिटल सेन्सर एका टोकाला पोचला की तिथला तपशील एकदम जातो, आणि तो नंतर कुठलंच अ‍ॅप परत आणू शकत नाही. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या दुपारी मोबाईल उघडून पाहा: पांढरं फटक आभाळ आणि काळवंडलेले चेहरे. म्हणून सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर शूट करा, उजेड चेहऱ्यावर वळवायला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरा, आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) हाताने थोडं खाली ओढून लॉक करा. सावली नंतर उजळता येते, करपलेलं आभाळ नाही.

दुसरी गोष्ट शटरची, म्हणजे प्रत्येक चौकटीवर उजेड किती वेळ पडू द्यायचा त्याची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, आणि प्रत्येक चौकटीला साधारण १/४८ सेकंद उजेड मिळतो. त्यामुळे हलणारा हात किंचित पुसट होतो आणि डोळ्याला ती हालचाल ओळखीची वाटते. मोबाईलमध्ये २४ एफपीएस (सेकंदाला २४ चौकटी) आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० ला तो हिशेब जुळतो आणि चित्रात पट्टे येत नाहीत. घरात हे सहज जमतं. बाहेर अडतं, कारण बहुतेक फोनच्या भिंगाचं तोंड कमी-जास्त करता येत नाही. भर उन्हात भिंगाचं तोंड एफ/१.८ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ५० धरलं तर शटर १/४००० च्या आसपास जातं, आणि कारंज्याचा थेंब न् थेंब गोठल्यासारखा दिसतो. तिथून १/५० वर यायचं तर उजेड जवळपास ८० पटींनी कमी करावा लागेल. एनडी ६४ फिल्टर, म्हणजे उजेड ६४ पटींनी कमी करणारी काळसर काच, त्याच्या बराच जवळ नेतो. मोबाईलला चिमट्याने लागणारा फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी यावर करा. शटर हाताने बसवायला ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं फुकट अ‍ॅप आहे.

ग्रेन (फिल्मवरचे कण) आणि नॉइज (सेन्सरमुळे येणारे ठिपके) यांत तर नवख्यांची हमखास गल्लत होते. ग्रेन हवा म्हणून अंधारात आयएसओ वाढवून शूट करणारे बरेच भेटतात. फिल्मवरचे कण चांदीच्या संयुगाचे असतात. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे बारीक ढग उरतात. तेच चित्राचं अंग असतं, आणि ते मध्यम उजेडाच्या भागात, गालावर किंवा भिंतीवर, जास्त जाणवतात. सेन्सरचा नॉइज सावलीत साचतो, लाल-हिरवे ठिपके घेऊन येतो. वरून फोन तो पुसायला जातो आणि चेहरा मेणाचा करून ठेवतो. म्हणून शूट कमीत कमी आयएसओवर करा आणि ग्रेनची क्लिप एडिटिंगमध्ये ‘ओव्हरले’ मोडवर हलकीच चढवा. ३५ मिमीचा ग्रेन बारीक असतो. १६ मिमीची चौकट क्षेत्रफळाने त्याच्या साधारण पाव, त्यामुळे मोठी करताना कणही मोठे दिसतात. खडबडीत ग्रेन लावलात तर सिनेमाऐवजी वार्तापट वाटेल.

फोनचं शार्पनिंग (कडा धारदार करणं) आणि एचडीआर (उजेड-सावलीतला फरक आपोआप कमी करणं) बंद करता आलं तर नक्की करा. डोक्याच्या कडेला जी पांढरट रेघ दिसते ना, तिच्यामुळे चित्र मोबाईलचं आहे हे लगेच कळतं, मग वर कितीही ग्रेन ओता.

रंगात आपली खास अडचण हिरव्याची. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत फोन असा हिरवा टिपतो की पान प्लास्टिकचं वाटावं. फक्त हिरव्याची तीव्रता उतरवा, त्याला किंचित पिवळ्याकडे सरकवा आणि थोडा गडद करा. सगळं चित्र पिवळं करायची गरज नाही, त्वचेला हात लावू नका. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे होतं, पण कॉम्प्युटर बरा लागतो.

आणि चौकटीत काय आहे ते आधी बघा. धाब्याच्या घरावर डिश अँटेना, मागे फ्लेक्स, ओसरीत पांढराशुभ्र एलईडी असेल तर कुठलाच लूक वाचवत नाही. पिवळा बल्ब लावा, फ्लेक्स काढा किंवा कॅमेरा वळवा. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी करत. त्यांच्या राहत्या घरी आता संग्रहालय आहे, जळगावकडे जाता-येता उतरून बघण्यासारखं.

व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) च्या आडव्या रेघा आणि कोपऱ्यातली तारीख हा प्रकार या दोन्हींत बसत नाही. ती फिल्म नाही, टेप आहे. १९९० च्या दशकातल्या लग्नाची कॅसेट दाखवायची असेल तर जरूर वापरा. पण व्हीएचएस जपानात बाजारात आलं ते १९७६ साली, त्यामुळे १९७२ च्या दुष्काळावरच्या गाण्यात त्या रेघा विचित्र वाटतात.

मग ओरखडे कधीच नकोत का? हवेत, गोष्टीत रीळ ही स्वतःच एक वस्तू असेल तेव्हा. नातवाला माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं रीळ सापडतं आणि तो ते भिंतीवर लावून बघतो, तर ठिपके, गुलाबी झाक, थरथर सगळं घाला. पण आजोबा तरुण असतानाचा प्रसंगच थेट दाखवत असाल तर तेव्हाचा दिवस त्यांना ओरखड्यांतून दिसत नव्हता. एकाच व्हिडिओत दोन्ही असतील तर उत्तमच, फरक पाहणाऱ्याला आपोआप कळतो.

शेवटची अडचण यूट्यूबची. बारीक ग्रेन प्रत्येक चौकटीत बदलतो आणि कॉम्प्रेशनला तो झेपत नाही, चित्राचे चौकोनी तुकडे होतात. १०८०पीमध्ये शूट केलेलं असलं तरी ४के करून अपलोड करा, त्याला यूट्यूब जास्त बिटरेट (सेकंदाला जास्त डेटा) देतं. आणि ग्रेन किती ठेवायचा ते अपलोड झाल्यावर मोबाईलवर बघून ठरवा, कारण बहुतेक लोक तिथेच बघणार आहेत.