आखाडा परिषद, अध्यक्षनिवड (नाशिक–त्र्यंबकेश्वर)

आखाडा परिषद, अध्यक्षनिवड : अखिल भारतीय आखाडा परिषद या साधूंच्या 13 आखाड्यांच्या संघटनेचा प्रमुख निवडण्याची पद्धत. परिषदेची स्थापना सामान्यतः 1954 ची मानतात. तेरांपैकी सात आखाडे शैव संन्याशांचे (जुना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल, आवाहन, आनंद, अग्नी), तीन वैष्णव बैराग्यांचे (निर्वाणी, निर्मोही, दिगंबर) आणि तीन उदासीन-निर्मल परंपरेचे आहेत. सिंहस्थात वैष्णवांचा मुक्काम नाशिकच्या तपोवनात व स्नान रामकुंडावर असते. उरलेले दहा आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात. अध्यक्षपदाचे नाशिकमधील स्वरूप या विभागणीमुळेच इतर कुंभस्थानांहून वेगळे झाले आहे.

विभागणीचा काळ वादग्रस्त आहे. प्रचलित मतानुसार 1789 च्या सिंहस्थात आधी स्नान कोणी करायचे यावरून संन्यासी व बैरागी यांच्यात लढाई झाली आणि पेशव्यांनी दोघांना वेगळी तीर्थे नेमून दिली. तो काळ सवाई माधवरावांचा. या संदर्भात दाखवल्या जाणाऱ्या ताम्रपटात 12,000 साधू मारले गेल्याचा उल्लेख असल्याचे सांगतात. काही लेखनात हा संघर्ष 1690 मध्ये घडल्याचे सांगून मृतांची संख्या 60,000 दिली जाते. गुरू सिंह राशीत येण्याचे आवर्तन सुमारे 11.86 वर्षांचे आहे. 1690 आणि 1789 यांतील 99 वर्षांचे अंतर त्याच्या पटीत बसत नाही. 1789 आणि 1872 ही सिंहस्थ वर्षे मात्र 83 वर्षांच्या, म्हणजे बरोबर सात आवर्तनांच्या, अंतरावर येतात. त्यामुळे 1690 हे साल सिंहस्थापुरते तरी टिकत नाही आणि 1789 अधिक ग्राह्य वाटते. मृतांचे दोन्ही आकडे सावधपणेच घ्यावे लागतात. एवढ्या मोठ्या संख्येला ताम्रपटाबाहेरचा भक्कम आधार हवा.

प्रयाग आणि हरिद्वारला सगळे आखाडे एकाच तीर्थावर उतरतात. तेथे क्रम ठरवताना संन्यासी व बैरागी यांच्यात मध्यस्थी करणे हे अध्यक्षाचे मोठे काम असते. नाशिकमध्ये ते मुळातच उरत नाही. येथे अध्यक्षाचे वजन साधुग्रामची (मेळ्यातील साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीची) जागा, पाणी, मिरवणुकीचा मार्ग अशा बाबतींत प्रशासनाशी होणाऱ्या बोलण्यांत दिसते. म्हणूनच अध्यक्ष कोणाचा, हा प्रश्न येथे तीव्र होतो.

प्रत्येक आखाड्याचे दोन प्रतिनिधी परिषदेत बसतात. निवड बहुधा सर्वसंमतीने होते, आणि ती न झाल्यास बहुमताचा दावा केला जातो. आखाड्याच्या आत श्रीमहंत, ठाणापती, कोठारी, कारबारी अशी पदे असतात व पंचांचा शब्द अंतिम मानतात. नव्या महंताच्या चादरविधीत इतर आखाड्यांचे महंत एकेक करून पुढे येतात, टिळा लावतात व त्याच्या अंगावर चादर घालतात. कोणाची चादर आली आणि कोणाची आली नाही, यावरून मान्यता किती ते जमलेल्यांना कळते. कागदावरच्या ठरावाइतकेच या चादरींना महत्त्व आहे.

2015 च्या सिंहस्थात निर्वाणी आखाड्याचे महंत ग्यानदास आणि निरंजनीचे महंत नरेंद्र गिरी या दोघांचेही अध्यक्षपदाचे दावे होते. एक बैरागी, दुसरे संन्यासी. दोन तीर्थांची फाळणी अध्यक्षपदातही उतरल्यासारखी झाली. 20 सप्टेंबर 2021 रोजी नरेंद्र गिरींचे निधन झाल्यावर ऑक्टोबरमध्ये परिषद पुन्हा दुभंगली. हरिद्वारच्या बैठकीत महानिर्वाणीचे रवींद्र पुरी अध्यक्ष व निर्मोहीचे राजेंद्र दास महामंत्री झाले. चार दिवसांनी प्रयागराजला दुसऱ्या गटाने निरंजनीचे रवींद्र पुरी यांना अध्यक्ष निवडले. तेथे महामंत्री जुना आखाड्याचे हरी गिरी. दोन्ही अध्यक्षांचे नाव एकच असल्याने बातम्यांत आजही घोटाळा होतो. अध्यक्ष व महामंत्री ही दोन्ही पदे संन्याशांकडे जाऊ नयेत, हा बैराग्यांचा आग्रह न्याय्य आहे. तो डावलून झालेल्या निवडीला तपोवनात मान मिळणे कठीण.

महिलांच्या परी आखाड्याने 2015 मध्ये नाशिकला स्वतंत्र मान्यता व स्नानाची वेळ मागितली होती. परिषदेने ती नाकारली. किन्नर आखाडा 2019 पासून जुना आखाड्याशी जोडलेला आहे. अध्यक्षनिवडीत या दोहोंना स्वतंत्र मत नाही.